स्कायरिम: लीजन की स्टॉर्मक्लोक, आणि युद्धाला हात कधी घालायचा?

प्रश्न थोडक्यात असा: स्कायरिम हा व्हिडिओ गेम पहिल्यांदाच खेळतोय, लेव्हल बाराच्या आसपास आहे, ब्लीक फॉल्स बॅरो ही सुरुवातीची क्वेस्ट (खेळातली कामगिरी) झालीय. आता यादवी युद्धात साम्राज्याच्या सैन्यात, म्हणजे इम्पीरियल लीजनमध्ये, जावं की बंडखोर स्टॉर्मक्लोकमध्ये? चुकीची बाजू निवडली तर कुठल्या क्वेस्ट कायमच्या जातात? नंतर बाजू बदलता येते का? आणि मेन क्वेस्ट, म्हणजे ड्रॅगनांची मुख्य कथा, आधी संपवावी की युद्ध?

बाजू कोणतीही घ्या, फार काही बुडत नाही. दोन्हीकडच्या युद्धाच्या क्वेस्ट जवळजवळ एकाच साच्यातल्या आहेत, फक्त गावं आणि किल्ले वेगळे. बक्षिसंही तोडीस तोड. खेळाडू अडकतात ते युद्ध चुकीच्या वेळी सुरू केल्यामुळे. मेन क्वेस्टलाही व्हाइटरन शहर लागतं, युद्धालाही व्हाइटरन लागतं, आणि दोन्ही एकाच वेळी तिथे येऊन उभ्या राहिल्या की गोंधळ होतो. म्हणून आधी वेळेचं बोलू, बाजूचं नंतर.

खेळाच्या सुरुवातीला हेल्गेनमधून पळताना लीजनच्या हॅडवारबरोबर गेलात की स्टॉर्मक्लोक रालोफबरोबर, याने काहीही ठरत नाही. तिथे फक्त सोबती बदलतो आणि रिव्हरवुडमध्ये कुणाच्या नातेवाइकांच्या घरी उतरता तेवढं बदलतं. रालोफबरोबर बाहेर पडून थेट सॉलिट्यूडला जाऊन लीजनची शपथ घेतली तरी कुणी जाब विचारत नाही.

पहिला खरा अडथळा म्हणजे 'ड्रॅगन रायझिंग'. व्हाइटरनच्या पश्चिमेच्या टेहळणी बुरुजापाशी पहिला ड्रॅगन मारायची ही क्वेस्ट. ती पूर्ण झाल्याशिवाय युद्धातली 'मेसेज टू व्हाइटरन' पुढे सरकत नाही. तुम्ही ब्लीक फॉल्स बॅरो संपवलंय म्हणजे तिथला ड्रॅगनस्टोन व्हाइटरनचा दरबारी जादूगार फॅरेंगार याला दिला की ड्रॅगन रायझिंग लगेच सुरू होईल. ती उरकून घ्या. मग व्हाइटरनचा यार्ल (प्रांताचा सत्ताधीश) बालग्रूफ तुम्हाला थेन (मानकरी) करतो, लिडिया ही सोबतीण मिळते, आणि ब्रीझहोम हे घर 5000 सोन्याला विकत घेता येतं. युद्धाला हात लावण्यापूर्वी एवढं तरी पदरात पाडून घ्यावं.

दुसरा अडथळा बराच पुढे आहे, पण तो आत्ताच माहीत असलेला बरा. मेन क्वेस्टमध्ये 'आल्डुइन्स बेन' झाल्यावर 'द फॉलन' येते. मुख्य शत्रू असलेला ड्रॅगन आल्डुइन कुठे गेलाय हे शोधायला एका ड्रॅगनला ड्रॅगन्सरीच या व्हाइटरनच्या राजवाड्यातल्या सापळ्यात पकडायचं असतं. तेव्हा युद्ध चालू असेल तर व्हाइटरनचा यार्ल म्हणतो की शत्रू दाराशी असताना मी शहरात ड्रॅगन आणू देणार नाही, आधी शांतता करा. तिथून 'सीझन अनएंडिंग' उघडते. हाय ह्रॉथगार या डोंगरावरच्या मठात दोन्ही बाजूंची बैठक भरते आणि तात्पुरता तह तुम्ही घडवून आणता. युद्ध आधीच संपवलेलं असेल तर ही बैठक होतच नाही, यार्ल सरळ हो म्हणतो.

यातून तीन रस्ते निघतात. एक, युद्ध आधी पूर्ण संपवायचं आणि मग मेन क्वेस्ट. दोन, युद्धाला अजिबात हात न लावता मेन क्वेस्ट करायची, बैठक घ्यायची, आल्डुइनला मारायचं आणि मग निवांत बाजू निवडायची. तीन, युद्ध अर्धवट ठेवून मधेच मेन क्वेस्ट पुढे ढकलायची. पहिले दोन उत्तम आहेत. तिसराही चालतो, पण तो नेमका कुठे थांबवायचा हे कळलं पाहिजे. 'द जॅग्ड क्राउन' संपल्यावर थांबलात तर ठीक. व्हाइटरनची लढाई जिंकून हिशेब बंद केल्यावर थांबलात तरी ठीक. पण बालग्रूफला निरोप दिलाय, शहराबाहेर सैन्य जमतंय, आणि अशात तुम्ही त्याच्याकडे ड्रॅगनच्या सापळ्याचा विषय काढायला निघालात, हे टाळा. एकाच माणसाशी दोन क्वेस्टचे संवाद अडकले की कुठली तरी एक मागे राहते आणि मग जुनी सेव्ह शोधत बसावं लागतं.

पहिल्यांदा खेळताना मी दुसरा रस्ता सुचवेन. कारण सीझन अनएंडिंगचा तो प्रसंग संपूर्ण खेळातल्या सर्वात चांगल्या लिहिलेल्या प्रसंगांपैकी एक आहे, आणि युद्ध आधी संपवलं तर तो कधीच दिसत नाही. एका टेबलाभोवती लीजनचा जनरल टुलियस आणि त्याची अधिकारी रिक्के, स्टॉर्मक्लोकांचा नेता उल्फ्रिक आणि त्याचा सेनापती गाल्मार, बालग्रूफ आणि थालमोर या एल्फ सत्तेची राजदूत एलेनवेन. उल्फ्रिक आल्या आल्या एलेनवेनच्या हजेरीवर आक्षेप घेतो आणि तिला बसू द्यायचं की घालवायचं हे तुम्हाला विचारलं जातं. मग प्रांतांची देवघेव. मार्कार्थ हवं असेल तर रिफ्टन द्या, असा मोठा सौदा, आणि त्यावर लहानसहान मागण्या. कुठल्या बाजूला किती झुकतं माप द्यायचं ते तुमच्या उत्तरांवर ठरतं. एका बाजूला सतत झुकलात तर दुसरी बाजू तोंडावर सांगते.

इथे एक हिशेब ध्यानात ठेवा. बैठकीत जे प्रांत हातबदल होतात ते खरोखर हातबदल होतात. तिथला यार्ल बदलतो, पहारेकरी बदलतात. पुढे युद्ध सुरू केलं की जे प्रांत आधीच तुमच्या बाजूकडे आलेत तिथली मोहीम करावी लागत नाही, आणि जे गेलेत ते परत घ्यावे लागतात. तहानंतर आल्डुइन मरेपर्यंत युद्ध थंड बस्त्यात जातं, म्हणून बैठक झाली की मेन क्वेस्ट एका दमात संपवणं सोयीचं.

आता बाजू.

गोष्टीच्या अंगाने पाहिलं तर दोन्हीकडे खोट आहे आणि ती मुद्दाम ठेवलेली आहे. चौथ्या युगाच्या 175 साली साम्राज्याने थालमोरशी व्हाइट-गोल्ड तह केला आणि त्यात स्कायरिमचे नॉर्ड लोक ज्याला देव मानतात त्या टॅलोसच्या पूजेवर बंदी आली. पुढच्याच वर्षी उल्फ्रिकने मार्कार्थ शहर फोर्सवर्न बंडखोरांकडून परत मिळवून दिलं, त्या बदल्यात टॅलोसच्या पूजेची मोकळीक मागितली, ती आधी मिळाली आणि मग थालमोरच्या दबावाखाली काढून घेतली गेली. खेळ सुरू होतो तो 201 सालात. म्हणजे स्टॉर्मक्लोकांच्या रागाला कारण आहे. पण उल्फ्रिकच्या राजधानीत, विंडहेल्ममध्ये, शिरल्या शिरल्या डनमर (डार्क एल्फ) बाईला धमकावणारे नॉर्ड दिसतात, ग्रे क्वार्टर या डनमर वस्तीची अवस्था दिसते, सरड्यासारख्या आर्गोनियनांना तटाबाहेर गोदीवर राहावं लागतं. हे सगळं उल्फ्रिकच्या नाकासमोर चाललेलं असतं. तुमचं पात्र डनमर, आर्गोनियन किंवा मांजरासारखं खाजीट असेल तर स्टॉर्मक्लोकांची शपथ घेताना ते खटकलंच पाहिजे. खेळ मात्र अडवत नाही, कुठल्याही वंशाला दोन्हीकडे प्रवेश आहे.

निर्णय घेण्याआधी एक कागद जरूर वाचा. मेन क्वेस्टमधल्या 'डिप्लोमॅटिक इम्युनिटी'मध्ये थालमोर दूतावासात शिरता तेव्हा एलेनवेनच्या इमारतीत पेटीमध्ये उल्फ्रिकवरची फाइल मिळते. बरेच जण ती उचलतात आणि न वाचता पुढे जातात. साम्राज्य आणि थालमोर यांच्या महायुद्धात तो थालमोरच्या कैदेत होता, तिथे त्याच्याकडून काय काढून घेतलं गेलं आणि त्याला काय खोटं पटवलं गेलं ते त्यात आहे. त्याहून महत्त्वाचा मुद्दा असा की थालमोरला हे युद्ध लांबायला हवंय. उल्फ्रिकची बंडखोरी त्यांना सोयीची आहे, पण त्याचा विजयही त्यांना नको आहे. "स्टॉर्मक्लोक म्हणजे थालमोरचे हस्तक" असं जे सरसकट म्हटलं जातं ते फाइलच्या निम्म्याच मजकुरावर बेतलेलं आहे. माझा कौल थोडासा साम्राज्याकडे जातो, कारण एकटं स्कायरिम थालमोरपुढे टिकेल असं फाइल वाचून वाटत नाही. पण उलट बाजू मांडणाऱ्याचा मुद्दा खोडून काढणं सोपं नाही.

व्यवहारात काय बदलतं? मुख्यतः सिंहासनावरची माणसं. लीजन जिंकलं तर रिफ्टनमध्ये लैला लॉ-गिव्हरच्या जागी मेव्हन ब्लॅक-ब्रायर येते, डॉनस्टारला स्काल्डच्या जागी ब्रिना मेरिलिस, विंटरहोल्डला कोरिरच्या जागी क्राल्डार, आणि विंडहेल्मला उल्फ्रिकच्या जागी ब्रुनवुल्फ फ्री-विंटर. यातला ब्रुनवुल्फ हा लीजनच्या पारड्यातला सर्वात वजनदार माणूस, कारण ग्रे क्वार्टरची दखल घेणारा तोच एक. मेव्हन मात्र साम्राज्याच्या विजयावरचा डाग आहे. रिफ्टन आधीच तिच्या खिशात होतं, आता कागदोपत्रीही झालं.

स्टॉर्मक्लोक जिंकले तर व्हाइटरनला बालग्रूफ जाऊन व्हिग्नार ग्रे-मेन, मार्कार्थला इग्मुंडऐवजी थॉंगव्होर सिल्व्हर-ब्लड, फॉकरीथला सिडगीरऐवजी त्याचा काका डेंगीर, मॉर्थालला इडग्रोड रेव्हनक्रोनऐवजी सोर्ली. सॉलिट्यूडची एलिसिफ दोन्हीकडे यार्ल राहते. बालग्रूफला हटवणं बऱ्याच जणांना जड जातं आणि ते साहजिक आहे. मेन क्वेस्टभर तुम्हाला मानाने वागवणारा तोच, आणि त्याच्याच दरबारात तलवार घेऊन शिरावं लागतं. तो मरत नाही, गुडघे टेकतो, मग व्हिग्नार येऊन त्याला चार शब्द सुनावतो. सिडगीर जाऊन डेंगीर येणं, याला मात्र कुणी हरकत घेईलसं वाटत नाही.

घरांपैकी फक्त एकाला युद्धाची अट आहे: विंडहेल्मचं ह्येरिम, किंमत 12000. स्टॉर्मक्लोकांकडून खेळत असाल तर 'रेस्क्यू फ्रॉम फोर्ट न्यूग्राड' पूर्ण होईपर्यंत ते विकायला निघत नाही. लीजनकडून असाल तर विंडहेल्म पडेपर्यंत थांबावं लागतं. शिवाय तिथे 'ब्लड ऑन द आइस' ही खुनांची क्वेस्ट आहे. ती विंडहेल्ममध्ये काही वेळा ये-जा केल्यावर रात्री शिरलं की कबरस्तानापाशी सुरू होते. या क्वेस्टचा लौकिक वाईट आहे, ती जराशा निमित्ताने अडकते. तिच्यात दरबारचा कारभारी योरलीफ लागतो, आणि लीजनने शहर घेतलं की कारभारी बदलून कॅप्टन लोनली-गेल होतो. लीजनकडून खेळणाऱ्यांनी विंडहेल्मवर चालून जाण्याआधी ही क्वेस्ट संपवावी हे बरं. बाकी मार्कार्थचं व्लिंड्रेल हॉल 8000, रिफ्टनचं हनीसाइड 8000, सॉलिट्यूडचं प्राउडस्पायर मॅनर 25000. ही घरं यार्ल कुणीही असला तरी मिळतात.

एक छोटी क्वेस्ट बाजूनुसार खरंच वेगळी खेळता येते. व्हाइटरनमधली 'मिसिंग इन ॲक्शन'. ग्रे-मेन घराण्याचा थोराल्ड नॉर्थवॉच कीपमध्ये थालमोरच्या कैदेत असतो. एरवी तो किल्ला फोडून त्याला सोडवावं लागतं. लीजनमध्ये असाल तर टुलियसकडून सुटकेचं पत्र मिळवून रक्त न सांडता हे काम होतं. लीजनच्या माणसाने स्टॉर्मक्लोक घराण्याचा मुलगा सोडवायचा, ही त्यातली गंमत.

प्रवेशाची परीक्षा दोन्हीकडे एकेकच. लीजनसाठी सॉलिट्यूडच्या कॅसल डाउरमध्ये रिक्के भेटते आणि फोर्ट ह्राग्स्टाडमधले डाकू साफ करायला पाठवते. परत येऊन टुलियससमोर शपथ, मग अंगणातल्या बेरांडकडून गणवेश. स्टॉर्मक्लोकांसाठी विंडहेल्मच्या राजवाड्यात गाल्मार भेटतो आणि ईशान्येच्या सर्पंटस्टोन बेटावर एकट्याने आइस रेथ हा बर्फाळ जीव मारायला सांगतो. आइस रेथ चपळ असतं, अंगातून सरकत जातं, धनुष्याने नेम लागत नाही. त्याला आगीने जास्त इजा होते, म्हणून 'फ्लेम्स' मंत्र धरून उभं राहणं सर्वात सोपं. थंडीचा मारा कमी व्हावा म्हणून दंवरोधक पोशन एक-दोन जवळ ठेवा. बेटापर्यंत पोहत जायचा कंटाळा येणाऱ्यांनी बर्फाच्या तुकड्यांवरून उड्या मारत जावं.

मग दोन्हीकडून 'द जॅग्ड क्राउन'. व्हाइटरनच्या ईशान्येला कोर्व्हनयुंड नावाचं थडगं आहे, तिथे जुना राजा बोर्गास याचा मुकुट आहे. सोबत सैनिक असतात. आधी समोरच्या पक्षाचे लोक, मग ड्राउगर, म्हणजे थडग्यातले उठलेले मुडदे. दोन ठिकाणी लोक अडतात. पहिलं, तीन चाकांचा दरवाजा. एबनी क्लॉ हा किल्लीसारखा पंजा तिथेच पडलेला असतो, तो इन्व्हेंटरीत उघडून तळव्याची बाजू फिरवून पाहा. बाहेरून आत कोल्हा, पतंग, ड्रॅगन असा क्रम आहे. दुसरं, त्यापुढच्या उंच दालनात जाळीचं दार बंद असतं आणि सोबतचे सैनिक खाली घुटमळत राहतात. त्यांच्या मागे उभं राहून काही होत नाही. जिन्याने वर जा, वरच्या पुलावर खटका आहे. तो ओढला की खाली ड्राउगर उठतात, म्हणून ओढायच्या आधी प्रकृतीची पट्टी भरून घ्या. शेवटच्या दालनात बोर्गासच्या अंगावरून मुकुट घ्या, आणि बाहेर पडण्याआधी शब्दभिंतीपाशी जायला विसरू नका. 'स्लो टाइम' या शाउटचा (ओरडून वापरायच्या शक्तीचा) एक शब्द तिथे मिळतो.

आता बाजू बदलण्याचं. ती संधी एकदाच येते आणि ती याच ठिकाणी आहे. मुकुट तुमच्या हातात आलाय पण अजून कुणाला दिलेला नाही, एवढ्याच काळात. ज्यांच्या वतीने गेलात त्यांच्याकडे न जाता मुकुट घेऊन समोरच्यांच्या राजवाड्यात गेलात, तर ते तुम्हाला ठेवून घेतात. एकदा मुकुट दिला की दार बंद. त्यानंतर कितीही पश्चात्ताप झाला तरी शपथ मोडता येत नाही. म्हणून थडग्यातून बाहेर पडताच वेगळ्या नावाने एक पक्की सेव्ह करा, ऑटोसेव्हवर विसंबू नका, कारण ती पुढच्या दोन-चार दारांत पुसली जाते. या एका सेव्हवरून दोन्ही युद्धं पूर्ण खेळता येतात. आणखी एक: मुकुट हे जड चिलखतातलं शिरस्त्राण आहे आणि दिल्यावर ते जातं. काही जण निव्वळ मुकुट डोक्यावर ठेवता यावा म्हणून युद्ध कायमचं तिथेच सोडतात. तोही एक मार्ग आहे.

व्हाइटरनची लढाई दोन्ही बाजूंनी वेगळी वाटते, आणि खरी मजा तिथेच आहे. लीजनकडून तुम्ही बचावात असता. भिंतीबाहेर थांबून हल्ला परतवायचा, पडद्यावर शत्रूची टक्केवारी उतरत जाते. स्टॉर्मक्लोकांकडून तुम्ही चढाई करता: बाहेरचे अडथळे तोडायचे, वर जाऊन उचलता पूल खाली पाडायचा खटका ओढायचा, मग शहरातून ड्रॅगन्सरीचपर्यंत. लढाईत झालेली शहराची पडझड पुढेही तशीच राहते, हे माहीत असू द्या. आणि लढाई सुरू असताना तिथल्या दुकानदारांशी व्यवहार होत नाही, म्हणून माल विकायचा, हत्यारं धारदार करायची ती आधीच.

इथे, आणि पुढच्या प्रत्येक किल्ल्यावर, सर्वात जास्त नुकसान होतं ते आपल्याच माणसांना लागलेल्या वारांमुळे. गर्दीत दोन हातांची तलवार फिरवली, आगीचा गोळा टाकला किंवा 'अनरिलेंटिंग फोर्स' ओरडलात की मित्रसैनिक सापडतात. एखादा फटका ते सोसतात, त्यापुढे उलटतात, आणि उलटलेला एक सैनिक आजूबाजूच्या सगळ्यांना ओढून घेतो. तसं झालं तर शस्त्र म्यान करून थोडं थांबा, बऱ्याचदा ते शांत होतात. नाही झाले तर सेव्ह लोड करा, त्या स्थितीत लढाई पुढे रेटू नका. फॉलोअरला (बरोबर फिरणाऱ्या साथीदाराला) तर मी घरीच ठेवायला सांगेन. मंत्र टाकणारा फॉलोअर तुमच्या वतीने हीच चूक करतो आणि दोष तुमच्या माथी येतो.

व्हाइटरननंतर प्रांतांची मोहीम. स्टॉर्मक्लोकांचा क्रम: फॉकरीथमध्ये फोर्ट न्यूग्राडमधून कैद्यांची सुटका, रीचमध्ये कारभाऱ्याला पेचात पकडून मग फोर्ट संगार्ड, ह्यालमार्चमध्ये बनावट कागद आणि फोर्ट स्नोहॉक, शेवटी फोर्ट ह्राग्स्टाड आणि सॉलिट्यूड. लीजनकडे याच तीन प्रकारच्या कामगिऱ्या पूर्वेकडच्या प्रांतांत येतात: पेलमध्ये बनावट कागद आणि फोर्ट डनस्टाड, रिफ्टमध्ये कारभारी आणि फोर्ट ग्रीनवॉल, विंटरहोल्डमध्ये फोर्ट कास्टाव्हची सुटका, मग फोर्ट अमोल आणि विंडहेल्म.

बनावट कागदांच्या कामगिरीत निरोप्या शोधायचा असतो. रस्त्यावर त्याची वाट पाहत बसू नका, जवळच्या खानावळीच्या मालकाला गाठा. लीजनकडून डॉनस्टारची विंडपीक किंवा नाइटगेट, स्टॉर्मक्लोकांकडून ड्रॅगन ब्रिज किंवा रोरिकस्टेड. बोलून पटवलं किंवा पैसे दिले की निरोप्या कुठल्या वाटेने जातोय ते कळतं. निरोप्याकडून कागद मारूनही घेता येतात, खिसा कापूनही. मग कागद छावणीत आणायचे, तिथे बदलून मिळतात, आणि ते शत्रूच्या अधिकाऱ्याला नेऊन द्यायचे. त्याला पाहताच तलवार उपसू नका, हा साधा संवाद आहे.

कारभाऱ्याच्या कामगिरीत मार्कार्थच्या राएरेकच्या खोलीत टॅलोसचं पदक सापडतं, आणि रिफ्टनच्या अनुरिएलच्या खोलीतल्या कपाटात तिचे चोरांच्या संघाशी असलेले व्यवहार उघड करणारं पत्र. दोन्ही ठिकाणी वस्तू चोरतानाच पकडले गेलात तर दंड बसतो, म्हणून मध्यरात्री जा आणि दार लावून घ्या. नंतर कारभाऱ्याला धमकावलं की तो सोन्याच्या आणि शस्त्रांच्या तांड्याची वाट सांगतो. तिथे तुमचे सैनिक दबा धरून बसलेले असतात. आधी त्यांच्याशी बोला, नाहीतर तुम्ही एकटेच तांड्यावर तुटून पडता.

न्यूग्राडला आत जायची चोरवाट पाण्याखालून आहे. किल्ल्याजवळच्या तळ्यात बुडी मारली की गुहेचं तोंड दिसतं. कास्टाव्हमध्ये खालच्या तुरुंगात उतरायला झडपेचं दार आहे. दोन्हीकडे कैद्यांच्या कोठड्यांची कुलपं आहेत, तेव्हा लॉकपिक पुरेशा ठेवा, नाहीतर पहारेकऱ्याच्या अंगावरून किल्ली काढा.

किल्ल्यांच्या लढाया एकसारख्या आहेत आणि खरं सांगायचं तर तिसऱ्या किल्ल्यापर्यंत कंटाळवाण्या होतात. शत्रूची टक्केवारी शंभरावरून शून्यावर आणायची, तोवर नवे सैनिक येत राहतात. टक्केवारी एका आकड्यावर अडकली तर बहुतेक वेळा एखादा शत्रू खडकामागे, बुरुजावर किंवा तटाबाहेर अडकलेला असतो, आणि तो जिवंत आहे तोवर त्याच्या जागी दुसरा येत नाही. किल्ल्याला बाहेरून एक फेरी मारा, वर चढून पाहा. तरीही काही सापडलं नाही तर लढाईच्या आधीची सेव्ह. अशा वेळी फास्ट ट्रॅव्हलने दूर जाऊन परत येण्याचा मोह होतो, पण त्याने लढाईची गणितं आणखी बिघडू शकतात. आणि सुरुवातीलाच, किल्ल्यापाशी जायच्या आधी, ठरलेल्या जागी जमलेल्या सैनिकांशी बोलणं चुकवू नका. थेट दारात जाऊन बाण सोडायला लागलात तर मदत मागेच उभी राहते.

शेवट दोन्हीकडे सिंहासनापाशी. विंडहेल्ममध्ये उल्फ्रिक आणि गाल्मार, सॉलिट्यूडमध्ये टुलियस आणि रिक्के. रिक्केला तिथून निघून जायची संधी उल्फ्रिक देतो, ती घेत नाही, आणि स्टॉर्मक्लोकांच्या बाजूने खेळतानाही तो प्रसंग बोचतो. शेवटचा घाव कुणी घालायचा हे तुम्हाला विचारतात. तुम्ही घातला काय किंवा तुमच्या सेनापतीने घातला काय, पुढे काही फरक पडत नाही.

विजयानंतर देश एकदम शांत होत नाही. हरलेल्यांच्या काही छावण्या रानात तशाच राहतात, जिंकलेल्या शहरांत पहाऱ्यावर जेत्यांचा गणवेश दिसतो, पदच्युत यार्ल आपल्या बाजूच्या राजधानीत बसून कुरकुरत राहतात. आणि हे सगळं होऊनही डार्क ब्रदरहुड या मारेकऱ्यांच्या संघाच्या क्वेस्टमध्ये लीजनचा मोठा अधिकारी असताना तुम्हाला सम्राट टायटस मीड दुसरा याचा खून करता येतो. टुलियस त्याबद्दल तुम्हाला जाब विचारत नाही. खेळातला हा मोठा ढिलेपणा आहे, पण दोन्ही क्वेस्ट एकाच पात्राने करायच्या असतील तर सोयीचा.

शेवटी, डॉनगार्ड हा जोड-भाग असेल तर तिथेही बाजू निवडावी लागते, आणि ती युद्धापेक्षा जास्त बोचणारी आहे. 'ब्लडलाइन'मध्ये सेराना या व्हॅम्पायर मुलीला व्होल्किहार किल्ल्यावर पोचवलं की तिचा बाप हार्कोन व्हॅम्पायर होण्याची संधी देतो. हो म्हटलं की डॉनगार्ड या व्हॅम्पायर-शिकाऱ्यांच्या क्वेस्ट गेल्या, नाही म्हटलं की परत जाऊन त्यांचा म्होरक्या इस्रान याला सगळं सांगायचं. मधल्या बऱ्याच क्वेस्ट दोन्हीकडे सारख्याच आहेत. 'नाही' म्हणूनही व्हॅम्पायर लॉर्डची शक्ती हवी असेल तर पुढे 'चेझिंग एकोज'मध्ये सेराना ती देते. कम्पॅनियन्स या योद्ध्यांच्या संघाकडून वेअरवुल्फ झाला असाल तर ती शक्ती मात्र जाते. आणि व्हॅम्पायर होऊन परत आलात की इस्रान तुमच्याशी कामाचं बोलत नाही. मॉर्थालच्या फालिओन या जादूगाराकडे आत्म्याने भरलेलं ब्लॅक सोल जेम घेऊन जा, पहाटेच्या विधीने बरे व्हा आणि मग फोर्ट डॉनगार्डला जा. रिकामं सोल जेम नेलं तर तो विधी करत नाही, त्यामुळे मॉर्थालला निघण्याआधी ते भरलेलं आहे ना ते पाहून घ्या.